यमूला मारलं कशाला?

'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी हातात देताना लोक आधीच बजावून ठेवतात, रडायला येईल हं. मलाही तसंच सांगितलं गेलं होतं. मराठी साहित्याचा इतिहास शिकवताना या कादंबरीवर दोन वाक्यं येतात. एकात हरी नारायण आपटे वास्तववादाचे जनक ठरतात, दुसऱ्यात यमूची करुण कहाणी येते. परीक्षेत दोन मार्क. मी ती पूर्ण वाचली त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, पीडीएफ उतरवून, फोनवर. लेखकाला जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे कॉपीराइटचा प्रश्न नाही, फुकट मिळते. आणि मी ती एकटीने वाचली नाही. नानम्माला वाचून दाखवली. नानम्मा म्हणजे माझ्या वडिलांची आई.

आमच्या घरात तेलुगू बोलतात. सिरोंच्यात बहुतेक घरांत हेच आहे. शाळा मराठी, तलाठ्याकडचे कागद मराठी, जेवताना-भांडताना तेलुगू. प्राणहितेवरचा पूल ओलांडला की तेलंगणा, आणि इथून हैदराबाद पुण्याच्या मानाने कितीतरी जवळ. कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकात 1890 पासून क्रमशः येऊ लागली तेव्हा सिरोंचा मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात होतं. सदाशिव-शनिवारातल्या वाड्यात जे घडत होतं त्याच्याशी आमच्या गावाचा काडीचा संबंध नव्हता. नानम्मा शाळेत गेलेली नाही. तिला मराठी समजतं ते बाजारापुरतं. म्हणून मी एक पान मनात वाचायचे आणि तिला तेलुगूत सांगायचे. पावसाळ्यात लाइट जाते, टीव्ही बंद असतो, तेव्हाचा हा उद्योग.

भाषांतर करताना पहिल्यांदा कळलं की ही कादंबरी मलाही परकीच आहे. 'सोवळं' म्हणजे काय हे सांगताना मी अडखळले, तर नानम्माच म्हणाली, "मडी अंटे चालु." नुसतं मडी म्हण, पुरे. आलवण कळलं नाही तिला, सांगावं लागलं. पण यमू नवऱ्याचं नाव न घेता 'तिकडून' म्हणते, 'स्वारी' म्हणते, ते मात्र एका फटक्यात कळलं. नानम्माने आजोबांचं नाव आजतागायत उच्चारलेलं नाही. रेशन कार्डाच्या वेळी खिडकीपलीकडच्या माणसाने नवऱ्याचं नाव विचारलं तर तिने मला पुढे केलं होतं. ते जाऊन सतरा वर्षं झाली आहेत.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यमुना उर्फ यमू आपली गोष्ट स्वतः सांगते, लहानपणापासून. दादाशी भांडणं, खेळ, मैत्रीण दुर्गी. घरात वडिलांचा दरारा, आईचं सोसणं. आई जाते, वडील दुसरं लग्न करतात. यमूचं लग्न होतं, सासर मिळतं तेही माणसांनी गच्च भरलेलं. नवरा रघुनाथराव मात्र वेगळा निघतो, बायकोला वाचायला-लिहायला शिकवणारा. दोघं मुंबईला येऊन राहतात, तिथे थोडी मोकळी हवा मिळते. मग रघुनाथराव आजारी पडून जातात, यमूला पुन्हा त्या जुन्या घरात यावं लागतं, आणि शंकरमामंजींच्या पुढाकाराने, फसवून, बळजबरीने तिचं केशवपन केलं जातं. त्या धक्क्यातून ती उठत नाही.

गोष्ट एवढीच. एवढ्यावर रडायचं असेल तर सारांश वाचूनही रडता येतं. आपट्यांची करामत दुसरीकडे आहे, आणि तिच्याबद्दल मार्कांच्या उत्तरात कोणी लिहीत नाही. ही कादंबरी गप्पिष्ट आहे. यमू सांगता सांगता भलतीकडे जाते, मग स्वतःच म्हणते की मी कुठे वाहवले, परत मूळ गोष्टीवर येते, पुन्हा वाहवते. सासूचा टोमणा, चुलत्यांच्या बायकांमधली कुजबुज, कोण कोणाकडे बघून हसलं, ताटावर काय झालं, असल्या गोष्टींना ती पानंच्या पानं देते. आज कोणी संपादक निम्मं कापेल. मीही पहिल्या शंभर पानांत दोनदा सोडून दिली होती. पण त्या कंटाळ्यातच ती मुरते. दर आठवड्याला एक हप्ता वाचणाऱ्या त्या वेळच्या वाचकाला यमू शेजारच्या घरातली होऊन गेली असणार. आपण वेबसिरीजमधल्या माणसांबद्दल बोलतो तसं लोक तिच्याबद्दल बोलले असतील. शेजारणीचं दुःख आपल्याला कसं कळतं? एका मोठ्या प्रसंगातून कधीच नाही. रोज थोडं थोडं, भिंतीतून ऐकू येत राहतं.

आणि आपटे सव्वीस वर्षांचे होते तेव्हा. सव्वीस वर्षांच्या पुरुषाने बाईच्या 'मी'मधून एवढं लांबलचक बोलावं आणि तो आवाज खोटा वाटू नये, ही साधी गोष्ट नाही. काशीबाई कानिटकरांशी त्यांची मैत्री होती. त्या स्वतः लग्नानंतर, घरच्यांची बोलणी खात वाचायला शिकलेल्या. असे आवाज आपट्यांच्या कानावर होते, आणि त्यांचा कान चांगला होता.

दुर्गीबद्दल थोडं. दुर्गीचा नवरा तिला मारतो, छळतो. यमूचं दुःख मोजताना आपण दुर्गीला विसरतो, कारण ती गोष्टीच्या कडेला आहे. नानम्मा विसरली नाही. मध्येच चार दिवस वाचन बंद पडलं तेव्हा तिने विचारलं ते दुर्गीबद्दल, "त्या पोरीचं काय झालं, मार खाणारीचं?" यमूचा नवरा चांगला आहे, म्हणून तिचं दुःख नवरा गेल्यावर सुरू होतं. दुर्गीचा नवरा जिवंत आहे हेच तिचं दुःख. दोघी मैत्रिणी शेजारी शेजारी ठेवून आपट्यांनी जे दाखवलं ते भाषणात सांगितलं असतं तर कोणी ऐकलं नसतं: बाईचं बरं-वाईट नवरा कसा निघतो या एका चिठ्ठीवर ठरतं, आणि चांगली चिठ्ठी निघाली तरी ती फाटायला एक ताप पुरतो.

मुंबईचा भाग आला तेव्हा नानम्मा खुलली. नवरा-बायको दिवसाउजेडी एकमेकांशी बोलतात, घरात दोघंच, तो शिकवतो, ती वाचते, ओळखीची एक-दोन शिकलेली जोडपी आहेत, त्यांच्याकडे जाणं-येणं आहे. घडत काहीच नाही. समीक्षक या भागाला रेंगाळलेला म्हणतील. मला मात्र सबंध कादंबरीतली ही सगळ्यात धीट पानं वाटतात. 1890 च्या आसपास, संमतिवयाच्या वादात पुणं पेटलेलं असताना, एक लेखक सांगत होता की नवरा आणि बायको मित्र असू शकतात आणि तसं असणं किती साधं, किती घरगुती दिसतं. सुधारणेवरची शंभर व्याख्यानं एका बाजूला आणि यमूने बिनधास्त हसणं एका बाजूला. नानम्मा हसत होती ऐकताना. मग दोन दिवसांनी गप्प झाली. म्हणाली, "आता हा मरणार." मी पुढचं वाचलेलं होतं, म्हणून चपापले. कसं कळलं, विचारलं. म्हणाली, "एवढं सुख कोणी फुकट सांगत नाही."

केशवपनाच्या पानांवर मी रडले. वाचता वाचता आवाज फुटेना, फोन बाजूला ठेवावा लागला. नानम्माचे डोळे कोरडे. तिने पाणी दिलं मला. म्हणाली, "केस परत येतात." आणि मग विचारलं, "तिचे हात कोणी धरले होते?"

मला प्रश्न कळला नाही. शंकरमामंजी, न्हावी, घरचे, असं काहीतरी सांगितलं. ती म्हणाली, "पुरुषांचं नाही विचारत."

आमच्याकडे केस काढत नाहीत. आजोबांच्या दहाव्या-अकराव्या दिवशी नानम्माला शेवटची म्हणून हळद-कुंकू लावलं, फुलं माळली, हातभर बांगड्या घातल्या आणि मग ते सगळं उतरवलं. पुस्ते काढले, जोडवी काढली, बांगड्या फोडल्या. मी लहान होते, मला दुसऱ्या खोलीत ठेवलं होतं. नानम्माचे हात तिच्या सख्ख्या जावेने आणि शेजारच्या दोघींनी धरले होते. हे तिने मला त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं, यमूच्या निमित्ताने. आणि एवढंच म्हणाली, "तिघी रडत होत्या. माझ्यापेक्षा जास्त."

या एका वाक्याने माझं कादंबरीचं वाचन उलटंपालटं झालं. मी समजत होते की या पुस्तकाने हलून जाणं हीच त्याला दिलेली पोच. डोळ्यांत पाणी आलं म्हणजे पुस्तक पोचलं. पण रडणारे हातच जर बांगड्या फोडत असतील तर रडण्याने नेमकं काय सिद्ध होतं? मागे जाऊन पुन्हा पानं चाळली. यमूच्या गोष्टीत अश्रूंना तोटा नाही. तिच्यासाठी हळहळणारी माणसं पुष्कळ आहेत. हळहळ आणि रीत एकाच घरात सुखाने नांदतात, एकमेकींच्या आड येत नाहीत. शंकरमामंजींसारखा माणूस राक्षस म्हणून सोडून देता येतो, तो ढोंगी आहे हे सहज दिसतं. पण तो एकटा काय करणार होता? बाकीचं घर वाईट वाटून घेत बाजूला उभं राहिलं, म्हणून त्याला जमलं.

आणि नावात आपट्यांनी हे लिहूनच ठेवलंय. कोण रडतो, असं ते विचारत नाहीत. लक्षात कोण घेतो, असं विचारतात. इतकी वर्षं ते नाव मी करुण उसासा म्हणून वाचत होते. तो उसासा नाही, तक्रार आहे, आणि आपल्यासारख्या रडणाऱ्या वाचकाविरुद्ध आहे.

लक्षात घेणं कसं दिसतं याचं एक उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायकांची तपासणी केली. तो अभ्यास 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. या बायकांबद्दल कोणाला वाईट वाटत नव्हतं असं थोडंच होतं? कोणी विचारलं नव्हतं, एवढंच. राणी बंगांनी पुढे बायकांशी झालेल्या बोलण्यावर जे पुस्तक लिहिलं त्याचं नाव 'कानोसा'. मला ते आपट्यांच्या प्रश्नाला दिलेलं, उशिराने आलेलं उत्तर वाटतं.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला: गावात नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हे अनुसरावं असं सांगितलं. मी तेव्हा ती बातमी स्टेटसला ठेवली होती. त्यानंतर वर्षभरातच नात्यातल्या एकीचा नवरा गेला. अकराव्याला मी होते. आता मी लहान नव्हते, मला कोणी दुसऱ्या खोलीत पाठवलं नाही. मी भिंतीला टेकून उभी होते आणि खूप रडले. परिपत्रक माझ्या फोनमध्ये होतं. तोंडातून शब्द निघाला नाही. कादंबरी तेव्हा अर्धी वाचून सोडलेली होती, पण पूर्ण वाचलेली असती तर फरक पडला असता असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

वाचन संपलं त्या दिवशी नानम्माने फक्त एक गोष्ट विचारली. "अट्ला एंदुकु चंपिंडु?" असं मारलं कशाला त्याने तिला? 'त्याने' म्हणजे लेखकाने. मी म्हटलं, तेव्हा तसंच व्हायचं. ती म्हणाली, "मी मेले का?"

हा समीक्षेचा प्रश्न आहे, आणि मला तो टाळता येत नाही. तेव्हा तसंच व्हायचं, हे पूर्ण खरं नाही. कादंबरी पुस्तकरूपाने आली 1893 मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई बालविधवा, केशवपन झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या. तिथे त्यांनी केस पुन्हा वाढवले. त्या पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या, 1950 पर्यंत जगल्या आणि 'माझे पुराण' नावाचं आत्मचरित्र सांगून गेल्या. केस परत येतात, हे नानम्मा उगाच म्हणाली नव्हती. त्याआधी 1882 मध्ये आमच्याच विदर्भातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. तिच्यात रडणं नाही, नुसता जाळ आहे. आणि 1890 मध्येच, म्हणजे यमू छापून येऊ लागली त्याच वर्षी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हावी समाजाची सभा झाली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरलं. कादंबरीतला न्हावी म्हणजे दुसऱ्याने वापरायचा वस्तरा, त्याला स्वतःचं मत नाही. खरे न्हावी त्याच वेळी वस्तरा खाली ठेवत होते. आपट्यांच्या वाड्यातून ती माणसं दिसत नव्हती, हे म्हणायलाच हवं. ज्याच्या हातून अन्याय करवून घेतला जातो तो माणूसही विचार करतो, हे या कादंबरीला सुचत नाही.

आमच्या नदीच्या अंगाने पाहिलं तर आणखी एक गंमत दिसते. सिरोंच्यावरून गोदावरी पुढे राजमहेंद्रीला जाते. तिथे कंदुकूरी वीरेशलिंगम यांनी 1881 मध्ये विधवेचं लग्न लावून दिलं होतं. आणि गुरजाडा अप्पाराव यांचं 'कन्याशुल्कम्' हे नाटक 1892 मध्ये, म्हणजे यमूचे हप्ते चालू असतानाच, विजयनगरमला पहिल्यांदा झालं. त्यात बुच्चम्मा नावाची तरुण विधवा आहे. 1909 साली त्यांनी नाटक वाढवून नव्याने लिहिलं, आज वाचतात ते तेच. त्याच्या शेवटी बुच्चम्माला कुठे पाठवायचं ठरतं? पुण्याच्या विधवाश्रमात. तेलुगू लेखकाला आपली पोर वाचवायला पुणं आठवलं. पुण्याच्या लेखकाच्या पोरीला पुण्यात जागा मिळाली नाही.

यावर आपट्यांच्या बाजूने बोलता येतं. गुरजाडांचं ते रूप पुष्कळ नंतरचं, तोवर कर्व्यांचा आश्रम उभा राहिला होता. 1893 मध्ये शारदासदन धर्मांतराच्या वादात सापडलं होतं, रानडे-भांडारकरांनीही हात काढून घेतला. शिवाय यमूला वाचवलं असतं तर 'करमणूक'चा वाचक सुटकेचा श्वास टाकून झोपी गेला असता. तिला मारून आपट्यांनी त्याची झोप घालवली. हे मला पटतं, अर्धं. पटत नाही ते असं, की ज्याची झोप घालवायची होती तो वाचक पुरुष होता: भाऊ, नवरा, चुलता. यमूच्या जागी असलेली एखादी मुलगी तो शेवटचा हप्ता वाचत असेल, तिच्या हाती काय लागलं? यमूला लेखणी दिली, सगळं सांगून घेतलं, आणि सांगून झाल्यावर तिचं काम संपलं. दुःखी बाईचं बोलणं ऐकायला ती मेलेली असावी लागते, ही सवय आपल्या साहित्याला तिथपासून लागली की काय, असा मला संशय आहे. अजून पुरती गेलेली नाही.

तरी ही कादंबरी वाचा असंच मी सांगेन. सलग वाचू नका, आठवड्याला थोडी थोडी. शक्य असेल तर कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, खास करून अशा कोणाला जिने ती कधी वाचली नसती.

आमच्याकडे परवा पुन्हा लाइट गेली. नानम्मा म्हणाली, ती गोष्ट काढ. मी म्हटलं, संपली ना ती. म्हणाली, "मुंबईला जातात तिथून वाच. त्याला ताप येतो तिथे थांब."